लबाड काका

पाने टाकायची, पैसे भरून पाहायचे, की बोली चढवायची? दिवाळीत आमच्या माडीवर पत्ते रंगत. हाती काही नसताना काका बोली चढवीत, तेव्हा मी त्यांना चारचौघांत लबाड म्हटले होते.

पुढे फॉन नॉयमन वाचला. १९४४ च्या ग्रंथात, मॉर्गेनस्टर्न यांच्यासह, त्याने पोकरचे सोपे रूप घेऊन सिद्ध केले, की भिकार पानांवरही अधूनमधून चढवावेच लागते. एरवी चांगल्या पानांवर समोरचा पैसे भरीलच कशाला?

२०१५ साली कॅनडातल्या आल्बर्टा विद्यापीठाने ठरावीक बोलीचा दोघांचा पोकर जवळजवळ सोडवला. ४,८०० प्रक्रियक ६८ दिवस राबले. तो संगणकही थापा मारतो!

काका केव्हाच गेले. माझा तो शब्द मात्र परत घ्यायचा राहिला.