शेअर माझा, मग कंपनी कोणाची?

गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्या बऱ्याच निघाल्या. चिखली घ्या, मेहकर घ्या, सिंदखेड राजा घ्या, आपल्या ओळखीतला कोणी ना कोणी अशा कंपनीचा सभासद असतोच. हजार-दोन हजाराचा शेअर घेतला, सर्टिफिकेट घरी आलं, सातबाऱ्याच्या फायलीत गेलं. मग पारावर चर्चा : "आता आपण कंपनीचे मालक!" त्यावर एखादा हमखास विचारतो, "मालक आहो, तर मंग गोदामाची चावी आपल्याजवळ काहून नाही?"

हसू नका. याच प्रश्नावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात खटले लढले गेले आहेत, आणि त्यातले दोन तर आपल्या सोलापूरच्या एका कापड गिरणीवरून. त्या निकालांतून जे ठरलं ते आज आपल्या फायलीतल्या सर्टिफिकेटलाही लागू आहे. म्हणून ही जुनी गोष्ट.

सुरुवात इंग्लंडमधून करावी लागते, कारण आपला कंपनी कायदा तिकडून आला. लंडनमध्ये सॉलोमन नावाचा बूट बनवणारा होता. त्याने आपल्या धंद्याची कंपनी केली. सभासद सात : तो, बायको आणि पाच मुलं. बायको-मुलांकडे एकेक शेअर, बाकी सगळे याचे. कंपनी बुडाली. देणेकरी म्हणाले, कंपनी म्हणजे सॉलोमनच, त्याच्या घरून वसूल करा. १८९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितलं : नाही. कंपनी ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती. तिचं कर्ज तिचं, तिची मालमत्ता तिची. सभासदाची जबाबदारी त्याच्या शेअरच्या रकमेपुरती.

आता आपल्याकडे येऊ. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठी. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. त्याच दशकात सोलापुरात एक मोठी गिरणी उभी राहिली, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. सोलापूरकर तिला 'जुनी मिल' म्हणतात. कापूस शेतकऱ्याचा, घाम कामगाराचा, भांडवल भागधारकांचं आणि कारभार मॅनेजिंग एजंटचा, अशी त्या काळची सगळीकडचीच रचना.

ऑगस्ट १९४९ मध्ये ही गिरणी बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास या एका कंपनीसाठी अध्यादेश काढला, पुढे त्याचा कायदा झाला. कारण दिलं : गैरकारभार, उत्पादनाचं नुकसान आणि बेकारी. मॅनेजिंग एजंट आणि जुने संचालक घरी गेले, सरकारने आपले संचालक नेमले. भागधारकांचा संचालक निवडण्याचा हक्क गोठला. त्यांनी सभेत ठराव केला तरी सरकारच्या मंजुरीशिवाय तो लागू होणार नव्हता.

चिरंजितलाल चौधरी नावाचे एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना तेव्हा अगदी कोरी होती. त्यांचं म्हणणं : माझी मालमत्ता हिरावली, आणि देशात एवढ्या गिरण्या असताना एकाच कंपनीसाठी कायदा हा भेदभाव आहे. ४ डिसेंबर १९५० ला निकाल आला, तीन विरुद्ध दोन. चौधरी हरले. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं : शेअर तुमच्याकडेच आहे, तो विकू शकता, लाभांश मिळाला तर तुमचाच. गिरणी मात्र कंपनीची आहे. तिच्यावर अन्याय झाला असेल तर कंपनीने यावं, तिच्या वतीने तुम्ही भांडू शकत नाही. पतंजली शास्त्री आणि सुधीरंजन दास या दोन न्यायमूर्तींना हे पटलं नाही. एकाच कंपनीला असं वेगळं काढणं समानतेच्या विरुद्ध आहे, असं त्यांचं मत पडलं.

गोष्ट इथे संपली असती. पण सरकारी संचालकांना गिरणी चालवायला पैसा हवा होता. प्रेफरन्स शेअरची अर्धी रक्कम भरायची बाकी होती. त्यांनी फर्मान काढलं : शेअरमागे ५० रुपये भरा. द्वारकादास श्रीनिवास नावाचे भागधारक म्हणाले, ज्यांना मी निवडलं नाही, ज्यांना मी काढू शकत नाही, त्यांनी माझ्याकडे पैसे मागायचे? मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. सर्वोच्च न्यायालयात मात्र १८ डिसेंबर १९५३ ला जिंकले. खंडपीठावर तेच शास्त्री होते, आता सरन्यायाधीश म्हणून, आणि दासही होते.

न्यायालय म्हणालं, कागदावर काय लिहिलंय ते नका पाहू, प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. कंपनीचं नाव ठेवलं, पण गिरणी, कारभार, निर्णय सगळं काढून घेतलं आणि भरपाई दिली नाही. हे मालमत्ता हिरावणंच आहे. आणि ज्याच्या खिशाला थेट हात घातला गेला, त्याला दाद मागायचा हक्क आहे.

तीन वर्षांत एकाच गिरणीबद्दल, एकाच कायद्याबद्दल चित्र उलटं झालं. संसदेनेही उत्तर दिलं. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीत तरतूद आली : लोकहितासाठी किंवा कारभार नीट चालावा म्हणून सरकारने ठरावीक काळासाठी व्यवस्थापन हाती घेतलं, तर तो कायदा मूलभूत हक्कांच्या नावाखाली पाडता येणार नाही. पुढे १९७८ च्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच गेला. मॅनेजिंग एजंट ही पद्धत १९७० मध्ये बंद झाली.

तिसरा खटला शेतकऱ्यांनी नीट ऐकावा. मुंबईच्या श्रीमती बचा गझदर यांना दोन चहा कंपन्यांकडून २,७५० रुपये लाभांश मिळाला. चहा कंपनीच्या उत्पन्नातला ६० टक्के भाग शेतीचा म्हणून करमुक्त असतो. त्या म्हणाल्या, मग माझ्या लाभांशाचाही ६० टक्के भाग शेती उत्पन्न धरा. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. शेती कंपनीची, तुमची नाही. जमिनीशी तुमचा थेट संबंध नाही, तुमचा संबंध कंपनीशी. आपल्या उत्पादक कंपनीच्या लाभांशालाही हाच न्याय लागतो.

आणि कामगार? त्यांचा आवाज न्यायालयात पोचायला १९८२ उजाडलं. डिसेंबर १९८२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं की कंपनी गुंडाळण्याचा अर्ज आला तर कामगारांनाही म्हणणं मांडता येईल. कंपनी ही फक्त भांडवलवाल्यांची जहागीर नाही, हा त्यामागचा विचार. १९८५ मध्ये कायद्यात बदल झाला आणि बुडीत कंपनीत कामगारांचं थकलेलं देणं तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीला आलं.

आता पारावरच्या प्रश्नाचं उत्तर. गोदामाची चावी आपल्याजवळ नाही, कारण गोदाम आपलं नाही, कंपनीचं आहे. उद्या कंपनी बुडाली तर बँक आपल्या वावरावर येऊ शकत नाही, कारण कर्जही कंपनीचं आहे (वेगळी जामीनकी लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी). मग आपल्याजवळ काय आहे? मत आहे. आणि वैयक्तिक शेतकरी सभासद असलेल्या उत्पादक कंपनीत तर शेअर एक असो की शंभर, मत एकच. सॉलोमनच्या कंपनीत असं नव्हतं.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी मिळाली पाहिजे. सोबत मागच्या सभेचं इतिवृत्त आणि ऑडिट झालेला ताळेबंद हवा. सभेला एक चतुर्थांश सभासद हजर पाहिजेत, तरच गणपूर्ती. आता खरं सांगा, शेवटच्या सभेला किती जण गेलो होतो? ताळेबंद कोणी वाचला? की घरी आलेल्या रजिस्टरवर सही करून मोकळे झालो?

सोलापूरच्या भागधारकांचा मताचा हक्क सरकारने गोठवला, तर ते दिल्लीपर्यंत गेले. आपला कोणी गोठवलेला नाही. आपणच तो फायलीत ठेवून दिला आहे.

तुमच्या कंपनीची सभा कधी झाली, नोटीस आली का, कमेंटमध्ये लिहा. आणि ज्याच्या घरी असं सर्टिफिकेट पडून आहे, त्याला ही पोस्ट नक्की पाठवा.