घोड्याची चाल : वेग नव्हे, टापांचा क्रम

घोडा सावकाश जात असेल तर एक चाल, जोरात पळाला की दुसरी, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. शर्यतीसाठी पैदास केलेला स्टँडर्डब्रेड घोडा दुडकीतच ताशी ५० किलोमीटरच्या आसपास पोचतो. उलट दुडकीहून वेगवान समजली जाणारी कँटर चाल मुरलेला स्वार ताशी २० किलोमीटरवरही धरून ठेवतो. म्हणून चाल ओळखताना दोनच कसोट्या धराव्यात : कोणत्या पायानंतर कोणता पाय टेकतो, आणि चारही पाय हवेत असा क्षण येतो का.

साध्या चालीत असा क्षण येत नाही. डावा मागचा, डावा पुढचा, मग उजवा मागचा, उजवा पुढचा, अशा चार सुट्या टापा पडतात. दर पावलाबरोबर मान खालीवर होते.

दुडकीत कर्णरेषेतली जोडी एकदम टेकते : डावा मागचा आणि उजवा पुढचा, मग थोडा वेळ अधांतरी, मग दुसरी जोडी. दोनच ठोके, अगदी समान. मान जवळजवळ स्थिर राहते, म्हणूनच लंगडेपणा पाहायला पशुवैद्य घोडा दुडकीत पळवायला लावतात. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो, चांगल्या पायावर ते खाली येते. घोडा विकत घेणाऱ्याने कडक जमिनीवर ही परीक्षा करावीच.

कँटर तीन ठोक्यांची. आधी डावा मागचा, मग उजवा मागचा व डावा पुढचा एकत्र, शेवटी उजवा पुढचा, त्यानंतर अधांतर. इथे उजवा पाय अग्रणी. उजवीकडे वळताना तोच अग्रणी हवा, नाहीतर तोल बिघडतो. घोडा चौखूर सुटला की मधली जोडी फुटते, तिच्यातला मागचा पाय आधी टेकतो आणि तिनाचे चार ठोके होतात. श्वासही टापांशी बांधला जातो : एका झेपेला एक श्वास.

चौखूर धावताना पाय नेमके कधी अधांतरी असतात, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चित्रकार पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले काढत. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून छायाचित्रे घेतली आणि उलटेच दिसले : घोडा अधांतरी असतो तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात.

या चौकटीत न बसणारी चाल आपल्याकडे मानाची. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या बाजारात मारवाडी घोड्याची रवाल चाल पाहायला गर्दी लोटते. एका बाजूचे पाय जवळजवळ जोडीने उचलले जातात, पण ठोके चारच ऐकू येतात. अधांतर नसल्याने स्वाराला हिसका बसत नाही. अशा चालींचे मूळ काही अंशी रक्तातच असते. आइसलँडच्या घोड्यांवरील संशोधनात २०१२ मध्ये मज्जारज्जूतल्या चेतापेशींवर परिणाम करणारा जनुकबदल सापडला.

घोडा चाल बदलतो तरी कधी? १९८१ मध्ये हॉइट आणि टेलर या संशोधकांनी प्राणवायूचा खर्च मोजून दाखवले की प्रत्येक चालीचा एक काटकसरीचा वेग असतो आणि मोकळा घोडा त्याच्याच आसपास राहतो. पण १९९१ मध्ये फार्ली आणि टेलर यांनी पाठीवर वजन लादले, तेव्हा घोड्यांनी दुडकी नेहमीपेक्षा कमी वेगालाच सोडली, कारण हाडा-स्नायूंवरचा ताण ठरावीक मर्यादेला आधीच पोचला होता.