कीबोर्डसाठी स्टुडिओ मॉनिटर निवडताना सबवूफर लागतोच का?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या स्मृतिदिनी तळ्यावर भीमगीते होतात आणि साथीला बहुधा कीबोर्ड असतो. या गाण्यांत शब्द महत्त्वाचा असतो. बास वाढला की तोच आधी बुडतो.

घरच्या साध्या स्पीकरमध्ये बास अनेकदा मुद्दाम फुगवलेला असतो. त्यावर जमवलेला आवाज मंचावर वेगळाच ऐकू येतो. स्टुडिओ मॉनिटर मात्र आवाज शक्यतो आहे तसा ऐकवतात.

६१ पट्ट्यांच्या कीबोर्डचा सर्वांत खालचा स्वर साधारण ६५ हर्ट्झचा असतो. ५ इंची वूफरचे बरेच मॉनिटर ५० हर्ट्झच्या आसपास उतरतात, त्यामुळे लहान खोलीत सरावाला तेवढी जोडी पुरते. ८८ पट्ट्यांवर हाच स्वर २७.५ हर्ट्झचा असतो; तालासोबतचा बास गिटारही ४१ हर्ट्झपर्यंत जातो. हे नीट ऐकायचे असेल तरच सबवूफर घ्यावा.

सबवूफर जोडल्यास क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या जवळ ठेवावा. तो कोपऱ्यात ठेवला की बास घुमतो. बंद केल्यावर उणीव भासावी, पण चालू असताना वेगळा कळू नये, इतकाच आवाज ठेवावा.

दोन्ही मॉनिटर कानाच्या उंचीवर, वादकासह समभुज त्रिकोणात ठेवावेत. कीबोर्डचे डावे-उजवे आउटपुट दोन स्वतंत्र केबलने जोडावे.

गर्दीसाठी मात्र हे मॉनिटर नाहीत. तिथे पीए सिस्टीमच हवी.