करवंदाच्या नावातला 'स'

मे महिन्यात पालघर-बोईसरच्या बाजारात आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत जे फळ मांडून बसतात, त्याचं शास्त्रीय नाव 'कॅरिसा कॅरंडास'. १७६७ साली लिनियसने ते नोंदवलं. 'कॅरंडास' म्हणजे करवंद हे सहज ओळखू येतं, पण शेवटी हा 'स' कुठला? तो पोर्तुगीज अनेकवचनाचा, असं माझं मत.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. वसईही त्याच साली पोर्तुगीजांकडे गेली. ओर्ताचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात वेलची आणि 'कारांदास' यांचं एकच जोडप्रकरण आहे. पोर्तुगीजात एक असेल तर कारांदा, अनेक असतील तर कारांदास. चारच वर्षांत क्लूसियसने ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला आणि युरोपातल्या पंडितांनी हे अनेकवचनच मूळ नाव मानलं असणार.

आता प्रतिपक्ष. ओर्ताची अहमदनगरच्या निजामशहाकडे ये-जा होती. तिथल्या दख्खनी बोलणाऱ्यांकडून त्याने 'करौंदा' उचलला नसेल? पण मग 'औ' कुठे गेला? डहाणूकडे गुजराती माणूस 'करमदां' म्हणतो, त्यातला 'म' संस्कृत 'करमर्दा'ला धरून आहे. ओर्ताकडे तोही नाही. मराठीत मात्र नामचं नाव झालं, तसं करमर्दचं करवंद झालं. मधला 'व' पोर्तुगीज कानाने गाळला, एवढं मान्य केलं की शब्द कोकणपट्टीचाच ठरतो.

औषधाचंही असंच एका शब्दावर अडतं. चरकाने करमर्द 'हृद्य' गणात घातलं, म्हणून काहींना ते हृदयरोगावरचं औषध वाटतं. पण त्या गणातली सोबत पाहा: आंबा, बोर, डाळिंब, महाळुंग. बहुतेक सगळी आंबट! इथे हृद्य म्हणजे मनाला रुचणारं, तोंडाला चव आणणारं. पिकलेलं करवंद पित्त शमवतं, कच्चं वाढवतं, असं आयुर्वेद सांगतो. कच्च्याचं लोणचं करतात, पण देठ खुडताच पांढरा चीक बोटांना चिकटतो. हा चीक कण्हेरीच्या कुळाची खूण. हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं करवंदीच्या मुळांत खरोखरच सापडली आहेत, त्यामुळे मुळी घरच्या घरी उगाळून घेऊ नये. पिकलेलं फळ मात्र मुलांनी बेलाशक खावं आणि आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी म्हणावं.