डब्यातला माल्ट, घरची बिटर

इंग्लंडात घरोघरी बिटर, म्हणजे कडवट बिअर, बनू लागली त्याचं श्रेय सहसा १९६३च्या अर्थसंकल्पाला दिलं जातं. घरगुती बिअरसाठी १८८०पासून लागणारा परवाना अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी त्या वर्षी रद्द केला. विकायची नसेल तर ना परवाना, ना कर. पण निव्वळ करमाफीवर घरची बिअर तगत नाही, हे आधीच दिसून आलं होतं. १८३०पर्यंत बिअरवरचा कर विकणाऱ्यांनाच भरावा लागे, घरी बनवणाऱ्यांना तो माफ होता. तरीही १८२०च्या दशकाच्या सुरुवातीला लेखक विल्यम कॉबेट ‘कॉटेज इकॉनॉमी’त मजुरांच्या घरची बिअर जाऊन चहा आल्याबद्दल चडफडतो. त्याचा राग माल्टवरच्या करावर होता, आणि तो रास्तच. त्या करातून घरची बिअरही सुटत नव्हती. मात्र १८८०मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने तो कर उठवल्यावरही मजुरांच्या घरी पुन्हा बिअर शिजू लागली नाही. त्याच कायद्याने परवाना आणला ना, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण लहान घरांना बिअरवरच्या नव्या करातून सूट होती. तोवर मोडला होता तो बिअर बनवणारा हात.

बिअरचं अवघड काम उकळण्यात नसून त्याआधीच्या मॅशिंगमध्ये असतं. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजेच माल्ट, भरडून पाण्यात सुमारे ६५ अंशांवर तासभर धरून ठेवायची, म्हणजे तिच्यातल्या पिष्टाची साखर होते. पाणी फार तापलं की साखर करणारी द्रव्यंच मरतात. ही कसोटी माल्ट एक्स्ट्रॅक्टने कारखान्यात नेली. एसेक्समधल्या मिस्टलीची ‘इंग्लिश डायास्टॅटिक माल्ट एक्स्ट्रॅक्ट’ कंपनी तो काकवीसारखा दाट पाक मुळात बेकरीवाल्यांना पुरवी. औषधवाले त्यात कॉड माशाचं तेल मिसळून पोरांना चाटवत. डब्यात मिळणारा तोच पाक पाण्यात विरघळवून गोल्डिंग्ज किंवा फगल्स हॉप्सच्या कडवट फुलांबरोबर तासभर उकळायचा, निववून यीस्ट घालायचं, आठवडाभराने बाटल्या भरताना प्रत्येकीत अर्धा चमचा साखर टाकायची. एका वेळेला ४० पाइंट, म्हणजे जवळजवळ २३ लिटर.

श्रेय डब्याला कसलं, लोकांना फक्त स्वस्त बिअर हवी होती, हा आक्षेप निम्मा खरा. तयार संचांत किलोभर साखर ओतायला सांगत, आणि त्यातून निघणारी पाणचट बिअर चवीसाठी कुणी बनवत नसणार. पण निव्वळ पैशाचाच हिशेब असता तर लोकांनी भरडलेला माल्टच आणला असता. तो एक्स्ट्रॅक्टहून स्वस्त पडतो. दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा: ही बिअर घरची कसली? गिरणीतून दळून आणलेल्या पिठाची भाकरी जर घरची, तर ही बिटरही घरचीच. कडवटपणा किती ठेवायचा आणि यीस्ट कसं सांभाळायचं, हे बनवणाऱ्याच्याच हाती राहतं.

१९७४मध्ये डेव्ह लाइनचं ‘द बिग बुक ऑफ ब्रूइंग’ आलं. त्यात मॅशिंगपासून सगळं घरीच करायची रीत होती. ती करून पाहण्याची उमेद सामान्य माणसाला आली ती, माझ्या मते, डब्यामुळेच: हॉप्स, यीस्ट आणि बाटल्या धुण्याचा कंटाळा यांच्याशी त्याची ओळख आधीच झालेली होती.