कोंडीशुल्काचा न्याय : आधी पर्याय, मग आकारणी

१. प्रश्नाचे स्वरूप

मोरिवली एमआयडीसीत सकाळची पाळी भरण्याच्या सुमारास अंबरनाथच्या रस्त्यांवर टँकर, कंपन्यांच्या बस, स्टेशनकडे निघालेल्या शेअर रिक्षा, दुचाक्या आणि एकेकट्या माणसाच्या मोटारी एकमेकांना खेटून उभ्या असतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांना जोडणाऱ्या कल्याण–बदलापूर रस्त्याचीही हीच गत. कोंडीत वेळ सर्वांचाच जातो, जागा मात्र विषम वाटली जाते. पन्नास माणसांची बस काही मोटारींइतकीच जागा अडवते. थांबत-सरकत जाणारे डिझेल इंजिन अंतराच्या मानाने अधिक इंधन जाळते आणि त्याचा धूर काच लावून बसलेल्याच्या आधी रिक्षाचालकाच्या नि पादचाऱ्याच्या छातीत जातो.

२. तत्त्व

रस्ता भरत आला की प्रत्येक नवे वाहन मागच्या सर्वांना थोडे थोडे अडवते. समजा, एका मोटारीमुळे मागच्या हजार वाहनांना प्रत्येकी ३ सेकंदांचा उशीर झाला, तर एकूण ५० मिनिटे वाया गेली. चालक स्वतःचे पेट्रोल मोजतो, ही ५० मिनिटे त्याच्या हिशेबात येत नाहीत. ती किंमत त्याच्यापर्यंत पोहोचवणे हा कोंडीशुल्काचा हेतू. अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून हा विचार मांडला, तर सिंगापूरने १९७५ मध्ये तो प्रथम अमलात आणला.

३. टोल म्हणजे कोंडीशुल्क नव्हे

आपल्याकडे रस्त्यावर पैसे घेण्याचा अनुभव टोलचा आहे. मुंबईच्या दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी या वेशींवरचा टोल उड्डाणपुलांच्या खर्चासाठी होता. पहाटे दोनला आणि सकाळी नऊला दर एकच, त्यामुळे गर्दीची वेळ टाळण्याचे कारणच उरत नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना तेथे माफी मिळाली. कोंडीशुल्क बांधकामाचा खर्च वसूल करण्यासाठी नसते. त्याचा दर वेळ आणि ठिकाण पाहून ठरतो, आणि गर्दी नसेल तेव्हा तो शून्य असायला हवा.

४. न्यायाची कसोटी

‘पैसेवाल्याला मोकळा रस्ता, गरिबाला बंदी’ हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर याच परिसरातून जाणाऱ्या लोकलच्या लोहमार्गावर सापडते. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या जागी आणखी १० वातानुकूलित फेऱ्या सुरू केल्या. महाग तिकीट न परवडणारे प्रवासी पुढच्या, आधीच खच्चून भरलेल्या गाडीत ढकलले गेले. कळवा, बदलापूर येथे प्रवासी उसळले आणि त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. लोकांचा राग थंड हवेच्या डब्यावर नव्हता, हक्काची गाडी काढून घेतल्यावर होता.

स्टॉकहोमने उलटा क्रम धरला. ऑगस्ट २००५ मध्ये जादा बस सुरू केल्या आणि जानेवारी २००६ मध्ये शुल्काची चाचणी घेतली. शुल्कक्षेत्रात ये-जा करणारी वाहने सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि सप्टेंबरच्या सार्वमतात शहरवासीयांनी बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला. लंडनमध्ये २००३ पासूनच्या शुल्काचे निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे कायद्याचे बंधन घातले गेले. म्हणून न्यायाच्या कसोट्या दोन: पर्याय आधी उभा राहिला का, आणि पैसा कोणाच्या प्रवासावर खर्च झाला?

५. मोरिवली परिसरासाठी क्रम

(अ) पर्याय: एमआयडीसी ते स्टेशन अशी पाळ्यांच्या वेळा सांभाळणारी बस, चालण्याजोगे पदपथ आणि शेअर रिक्षांना ठरलेले थांबे. कल्याण–बदलापूर तिसरी-चौथी रेल्वे मार्गिका वेळेत पूर्ण होणे हाही या योजनेचाच भाग आहे.

(आ) पार्किंग: स्टेशनलगतच्या रस्त्यावर फुकट उभी मोटार सार्वजनिक जमीन अडवते. जागेच्या मोलाशी सुसंगत पार्किंग-आकार २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही सुचवलेला आहे. सुरुवात येथूनच व्हावी.

(इ) मालवाहतूक: रात्री किंवा दुपारी येणाऱ्या ट्रकला सवलत, गर्दीच्या तासांत अधिक दर.

(ई) रस्त्यावरील शुल्क: शेवटी, फक्त खासगी चारचाकींना, फक्त गर्दीच्या तासांत. फास्टॅगमुळे गाडी न थांबवता वसुली शक्य आहे. बस, रिक्षा, रुग्णवाहिका व अपंगांची वाहने वगळावीत. जागा कमी अडवणारी, कामगाराची दुचाकीही पहिल्या टप्प्यात वगळावी.

एकाच शहराने शुल्क लावले, तर गाड्या शेजारच्या गल्ल्यांत शिरतील. उल्हासनगर महापालिका आणि अंबरनाथ, बदलापूरच्या नगरपरिषदांना एमएमआरडीएच्या समन्वयाने एकच आराखडा व एकच खाते ठेवावे लागेल. जमा-खर्च दर महिन्याला स्टेशनच्या फलकावर लागला पाहिजे.

६. निष्कर्ष

कोंडीशुल्क हे तिजोरी भरण्याचे साधन मानले, तर ते अन्यायच करील. रस्त्याची जागा वाहनांऐवजी माणसांना वाटून देण्याचे साधन मानले, तर हवा सुधारेल आणि पाळीवर निघालेल्या कामगाराचा वेळही वाचेल. तिन्ही शहरांच्या नागरिकांनी आपल्या प्रतिनिधींकडे आधी बस मागावी, आणि ती रस्त्यावर धावू लागली की शुल्काला ठामपणे पाठिंबा द्यावा.