आकाशातील जुने योद्धे



इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, बखरी, मोडी कागद आणि किल्ल्यांचे पडके बुरूज उभे राहतात. ही साधने मुकी असतात; अभ्यासकाला त्यांना बोलते करावे लागते. विसाव्या शतकाने मात्र एक साधन असे मागे ठेवले आहे की ते स्वतःच गर्जत येते. युद्धात वापरलेले आणि वय झाल्यावरही उडते राहिलेले विमान हे ते साधन होय. असे विमान डोक्यावरून गेले की शेतातला माणूस खुरपे थांबवतो, बाजारातला तराजू धरून उभा राहतो आणि लहान मुले ओट्यावरून अंगणात धावतात. त्या क्षणी मनात जे दाटून येते ते नेमके काय असते, आणि त्याला इतिहासाचा आधार कितपत असतो, याचा विचार आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

हा विषय विंचूरला परका नाही. आपले गाव मुळात लढवय्यांचे आहे. विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचे नाव पानिपतच्या इतिहासापासून वेगळे करता येत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींच्या बाजूला जे घोडदळ उभे होते, त्यात दमाजी गायकवाडांबरोबर विठ्ठल शिवदेवांचेही पथक होते. त्या दिवशीच्या त्यांच्या हालचालीबद्दल इतिहासकार आजही वाद घालतात. तो वाद येथे सोडवण्याचा आमचा मानस नाही. सांगायचे ते एवढेच की, विठ्ठल शिवदेव त्या रणातून परत आले, पण असंख्य घरांतली माणसे परत आली नाहीत. आणि कोण राहिला, कोण गेला, हे कळायला दक्षिणेतल्या घरांना कित्येक दिवस वाट पाहावी लागली. युद्ध दूर होते, आणि त्याचा आवाज गावापर्यंत पोहोचत नव्हता.

आता नकाशावर नजर टाका. विंचूरच्या जवळजवळ थेट पश्चिमेला, हवेतून मोजले तर तीस-पस्तीस किलोमीटरवर ओझर आहे. सोव्हिएत रशियाशी झालेल्या करारानुसार मिग-२१ हे लढाऊ विमान भारतात बांधण्याचे ठरले, आणि १९६४ साली ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. विमानाचे इंजिन ओरिसातील कोरापूटला, विद्युत्‌यंत्रणा हैदराबादला आणि सांगाडा आपल्या नाशिक जिल्ह्यात, अशी ती वाटणी होती. ज्या तालुक्याची ओळख ऊस, कांदा आणि द्राक्षे यांनी होती, त्याच्या आकाशात ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाऊ शकणारे यंत्र घिरट्या घालू लागले. पानिपतच्या वेळी जे युद्ध शेकडो कोस दूर होते, त्याचे हत्यार आता आपल्या शिवारावर चाचणी देऊ लागले.

मिगकडे वळण्यापूर्वी त्याच्याहून वडील असलेल्या एका विमानाची ओळख करून घेतली पाहिजे. ते म्हणजे डाकोटा. १७ डिसेंबर १९३५ रोजी हे विमान अमेरिकेत प्रथम उडाले ते उतारूंची वाहतूक करण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धाने त्याला गणवेश चढवला, आणि त्याची लष्करी आवृत्ती दहा हजारांवर बांधली गेली. दोन पंखे, गोल नाक, ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरचा सावकाश वेग. तोफ नाही, दिमाख नाही. बैलगाडीला पंख फुटावेत तसा हा प्रकार. परंतु स्वतंत्र भारताच्या पहिल्याच युद्धात हीच बैलगाडी उपयोगी पडली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहाटे दिल्लीहून निघालेल्या डाकोटांनी पहिल्या शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले. त्या तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल रणजित राय त्याच दिवशी धारातीर्थी पडले. वायुदलाची विमाने पुरेनात म्हणून खासगी कंपन्यांचीही विमाने त्या कामाला लावण्यात आली. पुढे वेढ्यात सापडलेल्या पूंछला याच विमानांनी दारूगोळा आणि धान्य पोहोचवले आणि तेथील हजारो निर्वासितांना बाहेर काढले. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन, अकरा हजार फुटांहून उंच असलेल्या लेहच्या कच्च्या पट्टीवर डाकोटा उतरवले.

याच काश्मीर मोहिमेत एका मराठी माणसाने महावीरचक्र मिळवले, हेही सांगायला हवे. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले होते; पुढे १९७६ ते १९७८ या काळात ते वायुदलाचे प्रमुख झाले. घोड्यावरून लढणाऱ्या मराठ्यांच्या कथा आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. आकाशातून लढलेल्यांची नावे मात्र आपल्या घरांत फारशी उच्चारली जात नाहीत.

आज डाकोटा वायुदलाच्या नेहमीच्या सेवेत नाही. परंतु एक डाकोटा उडते. भंगारातून उचलून इंग्लंडमध्ये पुन्हा उभे केलेले हे विमान २०१८ साली भारतात आले. ज्यांनी त्याचा खर्च केला, त्यांचे वडील वायुदलात डाकोटा चालवीत असत. विमानाचे नाव ‘परशुराम’, आणि त्याच्या अंगावर क्रमांक आहे व्ही. पी. ९०५, श्रीनगरला पहिले जवान नेणाऱ्या विमानाचा जो क्रमांक होता तोच. म्हणजे यंत्र दुसरे, पण नाव त्या जुन्या यंत्राचे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची जी आपली रीत, तीच येथे पाळली गेली. २०२४ च्या प्रजासत्ताकदिनी दोन डॉर्नियर विमानांना सोबत घेऊन हे डाकोटा दिल्लीच्या आकाशातून गेले. त्या रचनेचे नाव ‘टांगाईल’ होते. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालमधील टांगाईलजवळ आपल्या छत्रीधारी सैनिकांना उतरवण्यात डाकोटांचाही वाटा होता, त्याची ही आठवण.

त्या १९७१ च्या युद्धापाशी डाकोटाची आणि मिगची कथा एकत्र येते. १४ डिसेंबर रोजी मिग-२१ विमानांनी डाक्क्याच्या राज्यपालभवनावर अग्निबाणांचा मारा केला, आणि पूर्व पाकिस्तानच्या राज्यपालांनी राजीनामा लिहून दिला. दोन दिवसांनी शरणागतीवर सह्या झाल्या. त्या काळी ओझरला ज्या जातीची मिग बांधली जात होती, त्याच जातीची ती विमाने होती. म्हणून निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला आकाशातले मिग पाहून अभिमान वाटला तर तो उसना म्हणता येणार नाही. ओझरच्या छपराखाली मराठी हातांनी पत्रे जोडले, रिबिटे ठोकली, तारा ओढल्या. आकाशातली ती चांदीची रेघ आपल्याच माणसांच्या घामाची होती.

अभिमानाची बाजू ही झाली. पण इतिहास सांगणाऱ्याने येथे थांबणे म्हणजे अर्धेच सांगणे होय. मिग-२१ भारतीय वायुदलात १९६३ साली आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे त्याला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. बासष्ट वर्षे! या काळात चारशेहून अधिक मिग-२१ अपघातांत नष्ट झाली आणि सुमारे दोनशे वैमानिक दगावले, असे आकडे वृत्तपत्रांतून वारंवार आले आहेत. लोकांनी या विमानाला ‘उडती शवपेटी’ म्हणायला सुरुवात केली. महाराष्ट्रातील एक तरुण वैमानिक २००१ साली मिगच्या अपघातात गेला. दोष त्याच्यावर आला, तेव्हा त्याच्या आईवडिलांनी दुःख गिळून वर्षानुवर्षे झगडा दिला, आणि मुलाच्या नावावरचा डाग पुसला गेल्यावरच ते थांबले. विमान जुने होत गेले, त्याची जागा घेणारे वेळेवर आले नाही, आणि त्या विलंबाची किंमत पंचविशी-तिशीतल्या मुलांनी मोजली, हे आपण विसरता कामा नये.

आपल्या तालुक्यालाही या धोक्याचा अनुभव आहे. जून २०१८ मध्ये पिंपळगाव बसवंतजवळ आणि ४ जून २०२४ रोजी शिरसगावच्या शिवारात सुखोई विमान कोसळले. दोन्ही वेळा वैमानिक छत्रीने सुखरूप उतरले. सुखोई मिगहून पुष्कळ नवे. तरीही ही गत. तेव्हा साठ-ऐंशी वर्षांची विमाने केवळ आठवणीखातर उडवावीत काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैरलागू नाही. इंग्लंडने १९५७ पासून महायुद्धातील स्पिटफायर, हरिकेन यांसारखी विमाने स्मृतिपथक म्हणून उडती ठेवली आहेत. तेथे मे २०२४ मध्ये एक स्पिटफायर पडून त्याचा वैमानिक मृत्यू पावला. अमेरिकेतील डॅलस येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये महायुद्धकालीन दोन विमाने प्रेक्षकांसमोर एकमेकांवर आदळली आणि सहाजण गेले. मेलेल्यांच्या स्मरणासाठी जिवंतांनी प्राण धोक्यात घालावेत, हा सौदा सोपा नाही.

आमचे मत असे की, एखाद-दुसरे विमान अत्यंत काळजीने उडते ठेवावे. कारण संग्रहालयातले विमान पाहता येते, पण ऐकता येत नाही. आणि या इतिहासात ऐकण्याला मोठी किंमत आहे. त्या घरघरीचा अर्थ प्रत्येकासाठी एकच नव्हता. १९४७ च्या श्रीनगरात ती सुटकेची चाहूल होती. २३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनमध्ये रस्त्यावर उभे राहून कुतूहलाने वर पाहणाऱ्या लोकांवर तसल्याच घरघरीतून जपानी बाँब पडले, आणि त्यानंतर लक्षावधी हिंदी माणसे डोंगर-जंगले तुडवीत पायी मायदेशाकडे निघाली. वर्षभराने कलकत्त्याने तोच आवाज ऐकला. जो आवाज एका गावाला देवदूताचा वाटतो, तोच दुसऱ्या गावाला यमदूताचा वाटतो. जुने विमान पाहताना छाती भरून येते आणि त्याच क्षणी घसाही दाटतो, त्याचे कारण हेच असावे. त्या दोन भावनांपैकी एकच जवळ ठेवून दुसरी झटकली, तर पुढच्या पिढीला युद्ध म्हणजे केवळ कवायत वाटू लागेल.

मिगला निरोप दिल्यानंतर बरोबर एकविसाव्या दिवशी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरला बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले. आपल्या डोक्यावर आता नव्या विमानांचा आवाज राहील, आणि जुन्याची आठवण हळूहळू पुसत जाईल. ती राखायची तर दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. ओझरच्या कारखान्यात पहिल्या दिवसांत कामाला लागलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी कोणी आपल्या आळीतही असेल. पहिले विमान जोडताना काय अडले, १९७१ च्या डिसेंबरात कारखान्यात रात्री कशा गेल्या, आपण बांधलेले विमान पडल्याची बातमी वाचून त्या दिवशी जेवण गेले का, हे त्यांना विचारणारा हवा आणि लिहून घेणारा हवा. पानिपतच्या एकेका कागदासाठी आपल्या संशोधकांनी वाडे आणि माळे धुंडाळले. येथे तर साक्षीदार अजून आपल्यात बसले आहेत. विंचूरच्या शाळांनी आणि वाचनालयाने हे काम याच उन्हाळ्यात हाती घ्यावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.